वलगावच्या पश्चिमेला दोन मैल

गुलाबाच्या जुडीवरचा कागद सोडताना पौर्णिमाला त्यावर स्वतःचीच बातमी सापडली. कालचा पेपर, कडेचा एक रकाना, पाण्याने अर्धा भिजलेला. ‘शिकाऊ वैमानिक तरुणी भरकटली, मोठा अनर्थ टळला.’ नाव दिलं नव्हतं. नाव न देणं ही म्हणे सभ्यता. पण अकोल्याच्या माळावरच्या त्या संस्थेत एकटीने विमान नेण्याइतपत तयार झालेल्या मुली दोनच, आणि त्यातली दुसरी आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळलेली. तेव्हा नाव नसूनही ते सगळ्यांनी वाचलंच असणार. तिने ती ओळ तीनदा वाचली. भरकटली. दावं तोडून पळालेल्या वासराबद्दल लिहावं तसं. आणि अनर्थ कुठला टळला? दोन विमानांत साडेअकरा मैलांचं अंतर होतं, मध्ये अख्खं अमरावती शहर मावलं असतं, राजापेठ, बडनेरा आणि वर उरलेलं सगळं धरून. पण बातमी लिहिणाऱ्याला अनर्थ हवा असतो, आणि तो झाला नसला तर निदान टळलेला तरी हवा असतो. रागाने तिचे कान तापले. कागद चुरगाळून फेकावा असं वाटलं, पण आत्याला कचरा पायाशी चालत नाही, म्हणून तिने तो घडी घालून मांडीखाली ठेवला. ओल सलवारीतून लागत राहिली.

शकुनआत्या समोर बसून शेवंतीचा हार ओवत होती. ही तिच्या बाबांची धाकटी बहीण. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली चार फुटांची फळी टाकून वीस वर्षं हार विकणारी. फळीवरची निम्मी फुलं भावाच्याच मळ्यातली. दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि आत्याच्या बोटांना उसंत नव्हती. समोरून क्लासची पोरं-पोरी गाड्या रेटत जात होती, हॉर्नवर हॉर्न.

“काय वं, काय वाचून राह्यली? गुलाबावर पानी मार आंधी, सुकून जातीन.”

“काही नाही, आत्या.”

“काही नाही म्हंते, अन् तोंड तं असं केलं जसं कारलं खाल्लं.”

पौर्णिमाने पाणी मारलं. तिच्या बॅगेत आणखी एक कागद होता, आणि खरं तर कालपासून तोच तिला जाळत होता. आज संध्याकाळी पाचच्या आत त्यावर सही करून त्याचा फोटो संस्थेला पाठवायचा होता. मजकूर तयार होता, इंग्रजीत, सुबक टाइप केलेला, तिने एक अक्षरही न लिहिता तिच्या तोंडी घातलेला. परतीच्या वाटेवर मला माझ्या जागेचा अंदाज राहिला नाही. मी हरवले. त्यामुळे नकळत, परवानगीविना नियंत्रित आकाशात शिरले. खाली रेघ, आणि रेघेखाली तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पौर्णिमा सूर्यभान. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी झेंडू, वांगी आणि मेथी पिकवणाऱ्या सूर्यभानची पोरगी पेढीच्याच डोक्यावर हरवली, असं तिने स्वतःच्या सहीने जगाला कळवायचं होतं.

मोठ्या सरांनी तो कागद किती मायेने पुढे केला होता! मोठे सर म्हणजे संस्थेचे मुख्य प्रशिक्षक. पुण्याचे, निवृत्त, आवाज कधीही न चढवणारे. काल सकाळी अकोल्यात त्यांच्या केबिनमध्ये ती उभी होती आणि ते तिला दोनदा बस म्हणाले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यापुढे माणसाला निदान आपली मान ताठ ठेवता येते. ते म्हणाले, “हे बघ, हरवणं हे काही पाप नाही. मी स्वतः हरवलेलो आहे, तेही दोनदा. शिकणारा हरवायचाच. दहा दिवस वर्गात बस, दोन उड्डाणं रोहितबरोबर कर, आणि पुन्हा एकटी जा. फाइल बंद.”

“पण सर, मी हरवले नव्हते.”

“तू ठरल्या वाटेपासून पाच मैल डावीकडे होतीस. सूट किती? दोन मैलांची. पाच मैल बाहेर असलेल्या मुलीला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं, असंच सगळे समजतील. आणि तसंच समजलेलं बरं.”

“मला टॉवरने विचारलं तेव्हा मी जागा सांगितली. वलगावच्या पश्चिमेला दोन मैल, नदीच्या वळणावर. ते बरोबर होतं. ते म्हणालेसुद्धा बरोबर म्हणून.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “अंदाजाने सांगितलंस. योगायोगाने बरोबर निघालं.”

योगायोगाने! आताही, राजापेठेच्या गोंगाटात, तो शब्द आठवला आणि गुलाबाचा काटा तिच्या बोटात गेला. ज्या वळणावर ती पोहायला शिकली, ज्या वळणावर पुरात त्यांची पाण्याची मोटार वाहून गेली आणि बाबा तीन दिवस काठाने फिरून ती शोधत होते, ते वळण तिला योगायोगाने ओळखू आलं. तीन हजार फुटांवरून पेढी तशीच दिसते, पावसाळा संपताना दिसते तशी गढूळ, दोन्ही काठांना बाभळी, आणि पाटलाच्या विहिरीपाशी एकदम उजवीकडे मुरडलेली. तिला नकाशाची गरज पडली नव्हती. पहिल्यांदा वरून पाहिलं तेव्हा ती पोरासारखी हसली होती, कारण आयुष्यभर ज्या वळणाला चालत जायला अर्धा तास लागायचा ते काचेच्या एका कोपऱ्यात मावलं होतं. आणि हा माणूस म्हणतो अंदाज. बरं, मग सरांनी पुढचं वाक्य म्हटलं होतं, आणि ते मात्र खरं होतं, म्हणून जास्त लागलं. “हरवलेला माणूस निर्दोष असतो, पौर्णिमा. माहीत असून गेलेला नसतो. तू हरवली नव्हतीस असं म्हणालीस तर पुढचा प्रश्न येईल, मग तिकडे गेलीस कशाला? पुढच्या महिन्यात तुझा लायसनचा अर्ज जायचा आहे. विचार कर.”

मग गेलीस कशाला. याचं उत्तर तिने कोणालाच दिलं नव्हतं. आत्यालाही नाही.

रविवारी तिने घरी फोन करून सांगितलं होतं की मंगळवारी लांबचा एकटीचा फेरा आहे. अकोला, तिथून चांदूर बाजार, तिथून मूर्तिजापूर, परत अकोला. बाबांना नकाशा कळत नव्हता पण गावं कळत होती. ते म्हणाले, “चांदूरहून मूर्तिजापूर म्हंजे आपल्या बाजूनंच जाशीन न?” ती म्हणाली, थोडं लांबून. मग ते म्हणाले, “बरं, बरं. कामानं जाऊन राह्यली तू.” त्यांच्याकडे पोरगी माहेरच्या फाट्यावरून गेली आणि घरी आली नाही, तर लोक दोन पिढ्या बोलतात. एसटीतून जात असली तरी खिडकीतून हात बाहेर काढायचा, कोणी ओळखीचं दिसलं तर ओरडून सांगायचं, घरी सांगजो मी गेली म्हणून. तिची आई असेपर्यंत मामाच्या गावावरून जाताना कंडक्टरला विनवून गाडी थांबवायची आणि फाट्यावरच्या पानठेल्यावर निरोप ठेवायची. उतरायला वेळ नसला तरी तोंड दाखवायला वेळ असतो. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, आणि ते तिच्यात इतकं मुरलेलं होतं की चांदूर बाजारवरून वळून नाक नैर्ऋत्येला धरल्यावर तिला आपल्या डाव्या हाताला गाव आहे हे नुसतं ठाऊक नव्हतं, ते खुपत होतं. तिने हिशेब केला. पाच मैल डावीकडे. अमरावतीच्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश आठ मैलांचं. आपलं वावर, बाबांचं शेत, विमानतळापासून साडेअकरा मैलांवर. हद्दीपासून साडेतीन मैल बाहेर. दोन मैलांची सूट मोडते, पण ती सगळेच मोडतात, कोण ढगासाठी, कोण घारींसाठी. ती वळली.

आणि बाबांनी ताडपत्री अंथरली होती. काळी, खळ्यावरची मोठी ताडपत्री, आणि तिच्यावर त्या सकाळी तोडलेला सगळा झेंडू पसरलेला. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी तोडलेला, भाव उतरेल हे माहीत असून तोडलेला. एवढं पिवळं तिने कधी पाहिलं नव्हतं. शेजारी एक ठिपका उभा होता, पांढऱ्या टोपीचा. तिने उजवा पंख झुकवला, मग डावा, आणि त्या ठिपक्याने दोन्ही हात वर केले. दहा-बारा सेकंद. तिच्या एकशे चार तासांच्या उड्डाणांमध्ये ते दहा-बारा सेकंद. आणि तेवढ्यात रेडिओवर तिचे रोजचे प्रशिक्षक रोहित सर यांचा आवाज आला, घाबरलेला, तिला तिच्या विमानाच्या क्रमांकाने हाक मारणारा. अमरावतीच्या टॉवरशी बोल, आत्ता, लगेच.

टॉवरमधल्या माणसाबद्दल तिचा काहीच राग नव्हता. तो इंग्रजीत, थंडपणे, मोजकं बोलला. तुमची जागा सांगा. तिने सांगितली. बरोबर, तो म्हणाला, तुम्ही नियंत्रित आकाशाच्या आत अर्धा मैल आहात, परवानगी नाही, उजवीकडे वळून बाहेर पडा. ती वळली. आत? कशी आत? आठ मैल कुठे आणि साडेअकरा कुठे? ते तिला अकोल्यात उतरल्यावर कळलं. विमानतळाची उपकरणं तपासायला एक खास विमान आलं होतं, ते खाली-वर घिरट्या घालत होतं, आणि त्याच्यासाठी तीन दिवस ती हद्द आठाची बारा मैल केली होती. सूचना आदल्या संध्याकाळीच निघालेली. तिच्यामुळे त्या विमानाला एक घिरटी अर्धवट सोडावी लागली. सूचना जगाला माहीत होती. फक्त तिला नव्हती.

आणि तिला का नव्हती? इथे आलं की पौर्णिमाचा संताप जमिनीवर पाय आपटायचा. रोज सकाळी सूचनांचा कागद फळ्यावर लागायचा, त्याखाली वहीत प्रत्येकाने ‘वाचलं’ म्हणून सही करायची, मग विमानाची किल्ली. हा नियम. आणि संस्थेची रीत ही, की प्रिंटर आठवड्यातून चार दिवस बंद, सकाळच्या गार हवेतलं उड्डाण मात्र चुकता कामा नये. म्हणून रोहित सर दारात उभे राहून म्हणायचे, कालचंच आहे सगळं, सह्या करा, कागद मागून लावतो. मंगळवारीही तेच म्हणाले. तिच्या आधी नितेशने केली, मग तिने. नितेश धारणीचा, तिच्याच तुकडीतला, मेसमध्ये तिच्या ताटातली पोळी न विचारता उचलणारा. काल रात्री तिने त्याला फोन केला. तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “तुयं खरं हाये पौर्णिमा, पन मले मधात नको घेऊ. माहाही अर्ज जायचा हाये.” तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत, याचं तिला आता वाईट वाटत होतं. द्यायला हव्या होत्या. धारणीहून जीपच्या टपावर बसून शाळेत गेलेला पोरगा, आभाळात जाऊन भित्रा झाला.

पण वहीत सही तिचीही होतीच ना. निळ्या शाईत, ‘वाचलं’ या शब्दासमोर. दोन दिवस ती या गोष्टीपाशी येत होती आणि वळून जात होती. संस्थेने सांगितलं नाही हे खरं. न वाचता वाचलं म्हणून सही केली हेही खरं. संस्थेचं खरं मोठं होतं, तिचं लहान होतं, पण लहान असलं म्हणून ते नाहीसं होत नव्हतं. आणि म्हणूनच तो टाइप केलेला कागद असा चपखल बसत होता. हरवले म्हटलं की न लावलेला कागद झाकला जातो, आणि झेंडूची ताडपत्रीही झाकली जाते. सगळ्यांच्या उघड्या अंगावर एकच चादर. सर मूर्ख नव्हते.

“तुले सांगू का,” आत्या हाराची गाठ दातांनी तोडत म्हणाली, “लिहून दे न वं. कागदच हाये. कागदावर तं मी पन मेली होती एकडाव, राशनकार्डात. जित्ती होऊन आलीच न?”

पौर्णिमाला हसू आलं आणि त्याचाही राग आला. “तुला कोणी सांगितलं कागदाचं?”

“तुया बापानं. सकाळी फूल घेऊन आला तं इथंच बसला घडीभर. म्हने, पोरीले म्हना सई करून दे. मोठ्या मानसाच्या तोंडी नको लागू.”

काल रात्री फोनवर तिनेच बाबांना कागदाचं सांगितलं होतं. बाबा असं म्हणतील हे तिला माहीत असायला हवं होतं. बाबांनी एकदा करून दिली होती सही.

ती नववीत होती तेव्हाची गोष्ट. त्यांच्या वावराला लागून नत्थुजींचं वावर. मध्ये धुरा, म्हणजे बांध. नत्थुजी दरसाल नांगरताना धुऱ्याचा एक तास, नांगराची एक रेघ, कापायचे, आणि एका उन्हाळ्यात तर कोपऱ्यावरचा दगडच सहा हात अलीकडे आला. दगडाला पाय फुटत नाहीत, पण धुऱ्यावरच्या दगडांना फुटतात, हे त्या भागात लेकरांनाही ठाऊक. बाबांनी जुन्या धुऱ्यापर्यंतच पेरलं. नत्थुजींनी अर्ज केला, सूर्यभान आमच्या वावरात घुसला. मग मोजणी, मग पंच, मग बाभळीखाली खुर्ची टाकून बसलेला एक साहेब. तो साहेबही असाच मऊ बोलायचा. म्हणाला, कशाला वाढवता, एवढंच लिहून द्या की हद्द ठाऊक नव्हती, चुकून पेरलं गेलं; ते अर्ज मागे घेतात, विषय संपला. ज्या माणसाने अमावस्येच्या अंधारात त्या धुऱ्यावरून पाणी वळवलं होतं, पाय कुठे ठेवायचा हे ज्याच्या तळव्यांना पाठ होतं, त्याने लिहून दिलं की मला हद्द ठाऊक नव्हती. सगळे म्हणाले, शहाणपणा केला. नत्थुजींनी चहा पाजला. विषय संपला. फक्त त्यानंतर बाबा त्या बाजूने कधी चालले नाहीत. विहिरीवर जायला धुऱ्याने चार मिनिटं लागायची, ते रस्त्याने फिरून पंधरा मिनिटं जायला लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, तिकडं काटे हायेत. त्या दिवशी सहीसाठी कोणाकडे पेन नव्हता. पौर्णिमा शाळेतून येऊन तिथे उभी होती. तिनेच कंपासपेटी उघडून पेन दिला होता. आपण काहीतरी कामाला आलो म्हणून तिला तेव्हा बरं वाटलं होतं.

आठ वर्षं तिने याबद्दल बाबांवर मनातल्या मनात राग धरला होता. भित्रे, म्हणाली होती ती, उशीत तोंड खुपसून. आणि आता तिच्या बॅगेत तसाच कागद होता, तसाच मऊ बोलणारा साहेब होता, आणि कालपासून ती तो कागद फाडतही नव्हती. फाडणं सोपं असतं असं तिला नववीत वाटलं होतं. लायसन नसेल तर काय उरतं? सरकारी शिष्यवृत्तीतून शिकलेली, तालुक्याच्या पेपरात फोटो आलेली, ‘माळ्याची पोर विमान चालवते’ म्हणून गावच्या शाळेत जिचा सत्कार झाला, ती पोर. ती परत येईल आणि आत्याशेजारी बसून गुलाबाची जुडी सोडेल. बसायला तिची ना नव्हती. पण वर, त्या पहाटेच्या गार हवेत, धावपट्टी पायाखालून सुटते तेव्हा पोटात जो एक हलका गोळा येतो तो परत कधी येणार नाही, हे तिला सहन होत नव्हतं. तिला उडायचं होतं. एवढं साधं होतं ते. आणि त्या लोकांना हे माहीत होतं, म्हणूनच तो कागद एवढ्या मायेने पुढे आला होता.

क्लास सुटला, जिन्यावरून पन्नास जोड चपला खडखडत उतरल्या. एका पोरीने थांबून गजरा मागितला. मोबाइलमध्ये बघत ती मैत्रिणीला म्हणाली, “ते हरवलेली पायलट पाह्यली का? गूगल मॅप लावाव लागत होता न तिनं.” दोघी खिदळल्या. आत्याने मान वर केली, गजरा द्यायला पुढे केलेला हात मागे घेतला आणि म्हणाली, “संपले गजरे.” फळीवर दहा गजरे होते. पोरी बघत राहिल्या. आत्याने गजऱ्यांवर ओला कपडा टाकला आणि ती पुन्हा हार ओवायला लागली.

तेव्हा पौर्णिमाने बॅग ओढली. टाइप केलेला कागद काढला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. इंग्रजीत, कारण ते कामाचं इंग्रजी तिला चांगलं येत होतं. त्यात दागिने नसतात, वेळ, जागा, उंची, दिशा एवढंच असतं. तिने लिहिलं की मी हरवले नव्हते. संपूर्ण वेळ मला माझी जागा माहीत होती. हद्द बदलल्याची सूचना मंगळवारी सकाळी फळ्यावर लावलेली नव्हती, आणि सह्या आधी घ्यायच्या व कागद मागून लावायचा अशी संस्थेत रीत आहे. मी न वाचता ‘वाचलं’ म्हणून सही केली, ती माझी चूक आहे. इथपर्यंत हात भराभर चालला, रागाचं बळ होतं त्याला. मग थांबला. पुढचं वाक्य लिहिताना राग कामाचा नव्हता. ज्या लोकांवर ती चिडली होती त्यांच्याच हातात ती काठी देत होती. तिने लिहिलं की ठरल्या वाटेपासून मी पाच मैल डावीकडे गेले, ते चुकून नाही, ठरवून. वलगावच्या पश्चिमेला दोन मैलांवर माझ्या वडिलांचं शेत आहे. ते बघायला गेले. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मी त्या शेतावर होते.

सव्वाचार झाले होते. तिने बाबांना फोन लावला. मोटारीचा आवाज येत होता, म्हणजे ते विहिरीपाशी होते.

“बाबा, मी सही नाही करून राह्यली. दुसरं लिहिलं. वाचून दाखवू?”

“वाच.”

तिने एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. फळ्याचं वाचलं, सहीचं वाचलं, शेताचं वाचलं. आत्याचं ओवणं थांबलं होतं. तिकडून फक्त मोटार.

“मंग लायसनचं काय होईन?” बाबा म्हणाले.

“माहीत नाही. भेटन, नाही तं नाही भेटन.”

“अन् त्यायच्या मनासारखं लिवलं तं?”

“तं धा दिवसानं पुन्हा उडन.”

बाबा खाकरले. मग म्हणाले, “मी देल्लं होतं लिवून. नत्थुजीच्या वक्ती.”

“माहीत हाये मले. पेन माहाच होता.”

मोटार बंद झाली. त्यांनीच केली असावी. एकदम एवढी शांतता झाली की तिला नदीकाठच्या साळुंक्यांचा कलकलाट ऐकू आला. नाकाने ओढलेला एक श्वास ऐकू आला. तिला वाटलं आता ते म्हणतील, नको बाई, सई करून टाक, आणि ते तसं म्हणाले तर आपण काय करू हे तिला खरोखर ठाऊक नव्हतं. समोर कोणीतरी गाडी आडवी लावली म्हणून भांडण पेटलं होतं.

“शेवटचं पुन्हा वाच,” बाबा म्हणाले.

“सकाळी धा वाजून बारा मिनिटांनी मी त्या शेतावर होती.”

“चुकलं.”

“काय चुकलं?”

“वेळ चुकली. बारा नाई, चौदा. बारा मिनिटाले तू चांदूरच्या अंगानं दिसली, बारकीशी. डोक्यावर आली ते चौदाले. मी घड्याळ पाहून राह्यलो होतो. धुऱ्यावर उभा होतो न मी, तिथून साफ दिसते.”

“कोन्त्या धुऱ्यावर?”

“कोन्त्या म्हंजे? नत्थुजीच्या. उंच हाये तो.” मग जरा दमात, “ते दुरुस्त कर आंधी. अन् कोनी इचारलं तं माहं नाव सांगजो. मी पाह्यलं म्हना.”

फोन ठेवल्यावर तिने कागद मांडीवर सपाट केला. मांडीखालची वर्तमानपत्राची ओली घडी काढून तिने ती त्याखाली आधाराला घातली. तिने ‘बारा’वर एक सरळ रेघ मारली, वर ‘चौदा’ लिहिलं, आणि खाडाखोडीला करतात तशी शेजारी छोटी सही केली.